शिक्का अस्पष्ट, सबब परत

२४ नोव्हेंबर

निवडून आलो. ६११ मतांनी.

निकाल खरं तर दुपारी तीनलाच लागला असता. पण नऊ नंबरच्या टेबलावरच्या तक्त्यात उभी बेरीज आणि आडवी बेरीज दोनानं जुळत नव्हती. मी उठलो, हरकत घेतली आणि ते टेबल पुन्हा मोजा म्हणालो. निवडणूक अधिकारी माझ्या तोंडाकडं बघत राहिला. म्हणाला, साहेब, तुम्ही पुढं आहात. मी म्हणालो, मी असेन पुढं, बेरीज मागं आहे. माझ्या जुन्या लिपिकानं, बब्रुवाननं, माझी बाही धरून मला दोनदा खाली बसवलं, मी दोनदा उठलो. दोन्ही विरोधी उमेदवारांची माणसं मोठ्या आनंदानं माझ्या मागणीला पाठिंबा देत होती. दीड तासानं ती दोन मतं सापडली. दोन्ही माझीच होती. आधीचा आकडा ६०९ होता.

ही डायरी पुढं कुणाच्या हाती लागली तर संदर्भ असावा म्हणून नोंद करतो. मी चाँदपाशा इनामदार, राहणार नळदुर्ग. चौतीस वर्षं लेखा व कोषागार खात्यात, उपकोषागार अधिकारी म्हणून निवृत्त. कोषागार म्हणजे सरकारची तिजोरी. रस्ता असो, शाळा असो, त्याचं बिल आमच्या खिडकीतून पास झाल्याशिवाय सरकारचा एक पैसा हलत नाही. घरात आम्ही दखनी बोलतो, पण मला टिपण सुचतं ते मराठीतच. चौतीस वर्षांत माझ्यावर एक ताशेरा नाही, एक चौकशी नाही. पेन्शनीच्या फाइलीवर कधी कुणाचा चहासुद्धा घेतला नाही. म्हणून तर निवृत्त मास्तर, तलाठी आणि ग्रामसेवकांनी मिळून मला उभं केलं. दोन मोठे गडी एकमेकांना पाडायला बसले होते. दोघंही यशस्वी झाले, आणि मधल्यामध्ये मी आलो.

चिन्ह कात्री मिळालं होतं. खात्यातले जुने लोक लई हसले. त्यात हसण्यासारखं काय होतं ते कळलं नाही.

बायकोला, फरिदाबीला, बातमी सांगितली तेव्हा तिनं एवढंच विचारलं की आता वर्षातून किती महिने मुंबईला राहावं लागेल. मी अंदाजे आकडा सांगितला. तिनं डोळे मिटून अल्लाचे आभार मानले. निवृत्तीनंतरची तीन वर्षं मी घरीच होतो, आणि तिच्या स्वयंपाकघरात साठा नोंदवही सुरू केली होती.

८ डिसेंबर

शपथ घेतली. सही करायच्या कागदावर तारखेला जागा नव्हती. मी समासात लिहिली.

२ जानेवारी

आज पहिला जनता दरबार. जागा आमच्या घरापुढचा मांडव. आमदारकीचा गोल शिक्का परवा सोलापूरहून करून आणला. पॅड मात्र जुनाच आहे, निवृत्तीच्या दिवशी कार्यालयात वीस रुपये भरून, पावती घेऊन मी तो रीतसर विकत घेतला होता. दोन थेंब पाणी टाकलं की अजून चालतो. बब्रुवान म्हणतो नवा घेऊ. मी म्हणालो, जनतेचा पैसा आहे. तो म्हणाला, वीस रुपये तर तुमचेच होते. 

बब्रुवान म्हणजे माझा स्वीय सहाय्यक. कोषागारात तो माझ्या हाताखाली आवक लिपिक होता. बाहेरून आलेला प्रत्येक कागद आधी त्याच्या हातात, मग माझ्या टेबलावर. मी निवृत्त झालो त्याच महिन्यात तोही झाला. इमानी आहे, पण मऊ आहे.

एकूण अर्ज चौऱ्याहत्तर आले. त्यातले एकसष्ट मी त्रुटी काढून परत केले. कुणी तारीख घातली नाही, कुणी 'सेवेशी' कुणाच्या ते लिहिलं नाही. एका माणसानं एकाच कागदावर विहीर, मुलाची नोकरी आणि मेव्हण्याशी असलेलं भांडण असे तीन विषय लिहिले होते. एका अर्जात एकच विषय हवा, हे लोकांना कुणीतरी शिकवायला पाहिजे. प्रत्येकाला त्रुटीपत्र दिलं, सात दिवसांची मुदत दिली, पोच दिली. कुठल्याही आमदाराच्या दरबारात आजवर अशी पोच कुणी दिली नसेल.

सांगवीमाळ नावाच्या वस्तीवरून सखूबाई म्हणून एक मेंढपाळ बाई आली होती. साठीची असेल. तिच्या अर्जावर अंगठा होता पण अंगठ्याला साक्षीदार नव्हता, आणि तारीखही नव्हती. मी दोन्ही त्रुटींवर लाल खूण करून कागद तिच्या हातात ठेवला. तिनं तो उलटसुलट करून पाहिला आणि शांतपणे म्हणाली, "साहेब, मेंढरू काय तारीख बघून मरत न्हाय."

मांडवातले लोक हसले. मला राग आला, पण पोच दिली.

३ जानेवारी

घरात वातावरण गरम. फरिदाबी म्हणते, एकसष्ट माणसं आली तशी परत धाडली, त्यातल्या एकानंही पाणी प्यायलं नाही, आणि आपलं मताधिक्य सहाशे अकरा आहे, दहा दरबारांत संपेल. तिचा हिशोब तपासला. एक मत उरतं, बाकी बरोबर आहे.

१२ जानेवारी

जळकोटला कॉलेजात माझा सत्कार. विषय 'प्रामाणिक सेवा'. तासभर बोललो. पोरं अगदी शांत होती, काही तर डोळे मिटून ऐकत होती.

३१ मार्चची माझी ती आठवण सांगितली. दर वर्षी सांगतो, पण या वेळी रंगली. ३१ मार्चला सरकारी वर्ष संपतं, त्या दिवशी जो निधी उचलला गेला नाही तो परत जातो, म्हणून आमच्या खिडकीवर झुंबड असायची. एका वर्षी सव्वापाचला कुठल्याशा बांधकाम कार्यालयाचा लिपिक घामाघूम होऊन बिल घेऊन आला. सगळं बरोबर होतं. पण साहेबाच्या सहीखालचा शिक्का पुसट. अक्षर लागत नव्हतं. मी लिहिलं, 'शिक्का अस्पष्ट, सबब परत.' तो हातापाया पडायला लागला, त्याचं कार्यालय चाळीस किलोमीटरवर. मी त्याला भिंतीवरचं घड्याळ दाखवलं. बाहेर बाकावर तो कितीतरी वेळ बसून होता म्हणे. पोरांना सांगितलं, त्या दिवशी मी पाघळलो असतो तर आज तुमच्यापुढं ताठ मानेनं उभा राहू शकलो नसतो.

एका मुलीनं विचारलं, सर, ते कसलं बांधकाम होतं? मी खरं ते सांगितलं, की मला माहीत नाही. बिलावर गावाचं नाव मी कधी वाचतच नसे. लेखाशीर्ष वाचायचो, म्हणजे पैसा कुठल्या खात्यातला तो क्रमांक. गाव वाचलं की माणूस पाघळतो.

टाळ्या झाल्या. बब्रुवान मात्र कान खाजवत बसला होता. त्याला ऐकू कमी येतं की काय, बघायला हवं.

१९ जानेवारी

सखूबाई त्रुटीपूर्तता करून परत आली होती. साक्षीदार म्हणून सांगवीमाळच्या चौदा जणांचे अंगठे. म्हणून आज स्थळपाहणीला गेलो.

काय सांगू. माळावर पशुवैद्यकीय दवाखाना आहे. चार भिंती, दाराची चौकट, पाटीसुद्धा आहे. वर छत नाही. आत बाभळ उगवली आहे आणि ती आता भिंतीच्या वर गेली आहे. अकरा वर्षं झाली. भिंती उभ्या राहिल्या, ठेकेदारानं पत्रे आणून टाकले, मग कुठंतरी माशी शिंकली आणि पैसे आलेच नाहीत. ठेकेदार पत्रे उचलून घेऊन गेला. छत नाही म्हणून वीज नाही, वीज नाही म्हणून फ्रीज नाही, फ्रीज नाही म्हणून लस ठेवता येत नाही. डॉक्टर गुरुवारी येतात, लिंबाखाली बसतात, लस नळदुर्गाहून थर्मासात आणतात. जेवढी थर्मासात मावते तेवढी मेंढरं जगतात.

तीन वर्षांपूर्वी रोगाची साथ आली तेव्हा सखूबाईची तेवीस मेंढरं चार दिवसांत गेली. दवाखान्याच्या भिंतीला टेकूनच मेली म्हणाली. त्यानंतर तिचा पोरगा लिंबाजी कळप सोडून गेला. आता हैदराबाद रस्त्यावर ट्रक चालवतो. महिन्या-दोन महिन्यांनी नळदुर्गाच्या ढाब्यावर थांबतो तेव्हा आईला बोलावून घेतो आणि दोघं तिथंच जेवतात. हे सांगताना ती रडली नाही. मीच दुसरीकडं बघितलं.

तिनं विचारलं, "साहेब, कुणी अडवलं हो आमचं छप्पर?"

मी तिला शब्द दिला की त्या माणसाचं नाव मी भर विधानसभेत वदवून घेईन. चौदा अंगठेवाल्यांनी टाळ्या वाजवल्या. बब्रुवान तेवढ्यात बाभळीकडं तोंड करून उभा होता.  त्याच्याही मनाला लागलं असणार.

२२ जानेवारी

तारांकित प्रश्न तयार केला. तारांकित म्हणजे ज्याचं उत्तर मंत्र्याला सभागृहात उभं राहून द्यावं लागतं. मसुदा असा: (१) मौजे सांगवीमाळ येथील दवाखान्याचे छत अकरा वर्षे रखडले आहे, हे खरे आहे काय, (२) असल्यास, निधी परत जाण्याची कारणे काय आहेत, (३) असल्यास, यास जबाबदार अधिकाऱ्याचे नाव सभागृहास सांगण्यात येईल काय, व त्याच्यावर कोणती कारवाई केली वा करण्यात येत आहे?

बब्रुवान म्हणाला, साहेब, तिसरा भाग काढू. नाव कशाला? छप्पर मिळालं म्हणजे झालं. मी विचारलं, का काढायचा? लेखी कारण दे. तो म्हणाला, लेखी नको, तोंडी सांगतो. मी म्हणालो, तोंडी गोष्टीला माझ्याकडं किंमत नाही, तुला माहीत आहे. तो डोक्याला हात लावून बाहेर गेला.

तिसऱ्या भागात 'अधिकाऱ्याचे' च्या आधी 'बेजबाबदार' शब्द घातला.

१४ फेब्रुवारी

यामागं कुणीतरी मोठा माणूस आहे, हा माझा संशय खरा ठरतो आहे. आज मंत्रालयातून एका उपसचिवाचा फोन. अगदी गोड आवाज. म्हणे, सर, छताचं आम्ही बघतो, आपण प्रश्न मागं घेतलात तर सगळ्यांच्याच दृष्टीनं बरं. मी म्हणालो, सगळ्यांच्या म्हणजे कुणाच्या? तो म्हणाला, आपल्याही. ही सरळ धमकी झाली. मासा मोठा आहे.

त्यांना माझा नंबर कुणी दिला म्हणून विचारलं तर बब्रुवाननं. त्यांच्याशी त्याचं तीनदा बोलणं झालं आहे. मी त्याला कारणे दाखवा नोटीस दिली. पाचच मिनिटांत लेखी खुलासा आला: 'साहेबांवरील निष्ठेमुळे.' असमाधानकारक, असा शेरा मारून फाइलला लावला.

फरिदाबी म्हणते, बब्रुवानभाई तीस वर्षं ईदला शीरखुर्मा प्यायला येतो, तो विकला जाणार नाही, तुमच्याच बघण्यात काहीतरी खोट आहे. तिला प्रशासनातलं कळत नाही.

१० मार्च, मुंबई

आज लिहायला हात धजत नाही. तरी लिहितो, नोंद ही नोंद असते.

प्रश्न उद्या लागला आहे, यादीत चौथा. सकाळी आमदार निवासात मी दाढी करत होतो, बब्रुवान आला आणि आरशासमोर मंत्रालयातून आलेली एक छायाप्रत ठेवली. अकरा वर्षांपूर्वीचं बिल. सांगवीमाळ, पशुवैद्यकीय दवाखाना, छताचे अठरा पत्रे. खाली लाल शाईत एक ओळ. मला वाचायची गरज पडली नाही. तो 'अ' मी दुसऱ्या कुणाचा म्हणूच शकत नाही. मोडी शिकलेल्या मास्तरांनी शिकवलेला माझा 'अ'. शिक्का अस्पष्ट, सबब परत. त्याखाली माझी सही. माझा शिक्का मात्र स्वच्छ उमटला आहे.

अर्ध्या तोंडाला साबण तसाच राहिला.

बब्रुवानला विचारलं, तुला कधीपासून माहीत होतं? तो म्हणाला, "त्या दिवशी बाकावर बसून तो माणूस सारखा सांगवीमाळ, सांगवीमाळ करत होता. मी त्याला पाणी दिलं. तुम्ही आत होता."

मग मला का नाही सांगितलंस? तर म्हणाला, सांगायला गेलो की तुम्ही लेखी मागायचे, आणि लेखी द्यायला माझा हात धजला न्हाय.  नोटीस तोंडी मागं घेतली. चौतीस वर्षांतला माझा पहिला तोंडी आदेश.

दुपारी तो उपसचिव स्वतः भेटून गेला. बिचारा खरंच सज्जन आहे. म्हणाला, छापील उत्तरात नाव टाकलेलं नाही. आपण उद्या सभागृहात गैरहजर राहा, प्रश्न पुकारला जाईल, कुणी उठणार नाही, पुढं जाईल. छताचा प्रस्ताव आम्ही पुढच्या वर्षी घेऊ.

तो गेल्यावर मी नियम आठवत बसलो. चुकलो का मी? शिक्का खरोखर पुसट होता. नियमात बसत नव्हतं. कुठलाही लेखापरीक्षक मला बरोबरच म्हणेल. हे मी स्वतःला दहा वेळा सांगितलं, आणि दहाही वेळा ती बाभळ डोळ्यांसमोर आली. फोन उचलून त्या कार्यालयाच्या साहेबाला दुपारीच सांगता आलं असतं का, तर बिल दुपारी आलंच नव्हतं. पण मला दुसऱ्या कागदावर साहेबाचा खुलासा मागवता आला असता. फॅक्स होता. माझ्या टेबलापासून आठ पावलांवर फॅक्स होता.

आणि ही गोष्ट मी दर वर्षी फुशारकीनं सांगत आलो. कॉलेजच्या पोरांना सांगितली. त्या पोरीनं विचारलं ते बांधकाम कसलं होतं.

संध्याकाळी फरिदाबीला फोन केला आणि सगळं सांगितलं. डेंगू झाला म्हणून कळवावं का, असंही विचारलं.  ती म्हणाली, "चौतीस साल लोगां के कागदां वापस भेजे तुम. अब खुद का कागद आया तो मूँ छुपाते?"

फोन ठेवला. सफेद शर्ट इस्त्रीला दिला.

११ मार्च

माझा प्रश्न अकरा वाजून पस्तीस मिनिटांनी पुकारला गेला.  मंत्र्यांनी उत्तर वाचलं: (१) होय, हे खरे आहे. (२) देयकात त्रुटी आढळल्याने निधी व्यपगत होऊन परत गेला. (३) संबंधित अधिकारी सेवानिवृत्त झाले असून वयोवृद्ध आहेत, सबब कारवाईचा प्रश्न उद्भवत नाही.

मी उपप्रश्नासाठी उठलो. म्हणालो, अध्यक्ष महाराज, उत्तरात चूक आहे. अधिकारी वयोवृद्ध नाही, एकसष्ट वर्षांचा आहे, मधुमेह सोडला तर धडधाकट आहे. आणि नाव का लपवलं जातंय?

मंत्री माझ्याकडं असे बघत होते की मी आता गप्प बसावं. मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडलं, नाव सांगा. मग सगळेच नाव सांगा, नाव सांगा करायला लागले. दोन सदस्य तर उभं राहून म्हणाले की असल्या अधिकाऱ्याची पेन्शन बंद करा.

मी म्हणालो, "त्या अधिकाऱ्याचं नाव चाँदपाशा इनामदार."

क्षणभर कुणाला उलगडा झाला नाही. अध्यक्षांनी आपल्यापुढची यादी बघितली, मग माझ्याकडं बघितलं, पुन्हा यादी बघितली. म्हणाले, सन्माननीय सदस्य प्रश्न विचारत आहेत की उत्तर देत आहेत? मग जो काही हशा झाला तो विरोधी आणि सत्ताधारी दोघांचा मिळून होता, आणि तो थांबेपर्यंत मी उभाच होतो. पेन्शन बंद करा म्हणणाऱ्या सदस्यांना मी सांगितलं की चार वर्षांहून जुन्या प्रकरणात निवृत्त माणसावर चौकशी बसत नाही, असा नियम आहे, मी तो पाठ सांगू शकतो. पण नियम माझ्या बाजूनं आहे एवढ्यावर मी आज बसून राहिलो तर सांगवीमाळच्या बाईला काय तोंड दाखवू? मला शिक्षा द्यायची तर द्या. पण त्याआधी अठरा पत्रे द्या.

  मंत्री उठले आणि म्हणाले की वर्षअखेरच्या बचतीतून हे छत ३१ मार्चच्या आत मंजूर करतो. बाकं वाजली.

खाली बसल्यावर लक्षात आलं, दाढी एका बाजूची राहिली होती. कालपासून.

१५ मार्च

सांगवीमाळला जाऊन आलो. एकटाच गेलो. सखूबाई मेंढरांना पाणी पाजत होती. मी तिला सगळं जसंच्या तसं सांगितलं. लाल शाई, घड्याळ, बाकावरचा माणूस. वाटेत मी दोन उत्तरं तयार केली होती, एक ती रडली तर आणि एक ती शिव्या देईल तर.

तिनं हौदाच्या कडेला हात पुसले. म्हणाली, "बरं केलंसा सांगितलं. अकरा वरसं म्या उगाच बिरोबाला शिव्या घालत हुते."

मग मला सावलीत बसायला सांगितलं, आणि अकरा वर्षांच्या शिव्या शिस्तीनं मला घातल्या. तेवीस मेंढरांपैकी काहींची नावंही मध्येच येत होती. मी एकाही मुद्द्यावर हरकत घेतली नाही. शेवटी चहा दिला, मेंढीच्या दुधाचा. मी घेतला.

३१ मार्च

परवा पत्रे माळावर उतरले. ठेकेदार जुनाच आहे, म्हणाला, एकदा पोळलोय, साहित्याचं बिल पास झाल्याशिवाय एक पत्रा वर चढवणार नाही. बिल काल कोषागारात गेलं. मी निर्धास्त होतो.

आज सकाळी सव्वाअकराला फोन. उपकोषागार अधिकारी प्रतीक्षा. ही पोरगी माझ्या हाताखाली शिकली, माझ्याच खुर्चीत बसते आता. अगदी आदरानं म्हणाली, सर, सांगवीमाळचं बिल आलंय. सोबत पत्रे पोचल्याचं तुमचं आमदार म्हणून प्रमाणपत्र जोडलंय. त्यावरचा तुमचा शिक्का अस्पष्ट आहे.

मी पॅडकडं बघितलं. दोन थेंब पाणी. बब्रुवाननं नव्या पॅडचा विषय काढला नाही, हे त्याचे उपकार.

लगेच निघालो. महामार्गावर ट्रकांची रांग, गाडी मुंगीसारखी. ड्रायव्हरला सगळ्या आयुष्यात पहिल्यांदा म्हणालो की जरा दाब. पोचलो तेव्हा पावणेदोन. खिडकीवर झुंबड. शिपाई नवा, मला ओळखलं नाही, म्हणाला, बाकावर बसा. बसलो. तोच बाक. एक पट्टी सैल आहे, बसलं की चिमटा घेते. चौतीस वर्षांत मी त्या बाकावर कधी बसलो नव्हतो, त्यामुळं मला हे माहीतच नव्हतं. शेजारच्या माणसानं आपल्या बाटलीतलं पाणी दिलं.

आत बोलावलं तेव्हा प्रतीक्षा उठून उभी राहिली. मी शिक्का काढला, पॅड काढला. तिनं माझा पॅड हळूच बाजूला सरकवला आणि आपला, निळाशार, ओला, पुढं केला. म्हणाली, "नियम तुम्हीच शिकवलाय, सर. पॅड माझा वापरा."

शिक्का असा उमटला की चष्मा काढून वाचावा.

मी विचारलं, तुमच्याकडं आज दोनशे बिलं असतील, माझ्याच बिलाला सकाळी फोन कसा केलात? आमदार म्हणून? ती म्हणाली, नाही सर, सगळ्यांनाच करते, त्रुटी असली की बाराच्या आत. आणि मग जरा हसून म्हणाली, शिवाय गावाचं नाव वाचलं ना.

दोन वाजून दहा मिनिटांनी बिल पास. बाहेर येऊन त्याच बाकावर पुन्हा बसलो. का बसलो माहीत नाही. डोळे पाणावले होते, शिपायाला वाटलं चिमटा बसला.

६ एप्रिल

छत चढलं. अठराच्या अठरा पत्रे. बाभळ तोडावी लागली, सखूबाईनं तिच्या काट्याकुट्यांचं मेंढरांना कुंपण केलं. लिंबाजी ट्रक रस्त्याला लावून दोन तास आला होता, आत उभा राहून वर बघत होता. परत येणार का म्हणून विचारलं नाही. त्यानंही सांगितलं नाही. फ्रीज मात्र त्यानंच एकट्यानं उचलून आत ठेवला.

उद्‌घाटनाला फीत कापायची होती. कात्री आणायला सगळे विसरले. माझं चिन्ह कात्री असून. सखूबाईनं लोकर कातरायची कातर दिली.

पहिलं मेंढरू लसीला मी धरावं असा तिचा हुकूम. धरलं. त्यानं माझ्या नव्या पायजम्यावर जे करायचं ते केलं. फरिदाबी सोबत होती, ती हसून हसून भिंतीला टेकली.

निघताना सखूबाईनं पदराखालून एक कागद काढला. नवा अर्ज. दवाखाना झाला, आता डॉक्टर रोज पाहिजे, गुरुवारचा पुरत नाही. खाली अंगठा. साक्षीदार नाही. आधी वर गावाचं नाव वाचलं, सांगवीमाळ.

तारीख नव्हती. मीच घातली.